मामाची दुनळी आणि डाव्या नळीचा घोळ

२०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत मामाची बंदूक नेहमीप्रमाणे जमा झाली आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर परत घरी आली. कुडाळच्या बाजूला ज्यांच्याकडे शेतीरक्षणाचं लायसन आहे त्यांना हे अंगवळणी पडलेलं आहे, निवडणूक आली की बंदूक द्यायची, निकाल लागला की पावती दाखवून आणायची. या वेळी मामेभावाने नळीतून कापड फिरवलं, उजेडाकडे धरून आत बघितलं तर डाव्या नळीत मधेच सावलीसारखी एक कडी दिसली. मला फोटो टाकला. नळीच्या आतला मोबाइलवरचा फोटो जसा येतो तसाच, म्हणजे काही कळत नाही असा. खाली लिहिलं होतं, दादा तू मोजमापातला माणूस, गणपतीला येताना काहीतरी घेऊन ये.

मी भोसरीत इन्स्पेक्शनला आहे, सिलिंडर लायनर मोजण्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे मला वाटलं हे काय, बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजणारा गेज, घालायचा, सुई बघायची, झालं. या माजोरीपणाची सगळी गोष्ट खाली लिहितोय, कारण गेज निवडताना मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा चूक अशी होती की मला स्वतःला कळायला हवी होती.

आधी बंदूक. बर्मिंगहॅमची साइड बाय साइड, बारा बोअर, दोन घोडे म्हणजे दोन ट्रिगर, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. पुढचं लाकूड काढलं की नळ्या सुट्या होतात आणि बुडाशी खालच्या अंगाला प्रूफ हाउसचे, म्हणजे जादा जोराचा बार काढून नळी पास करणाऱ्या संस्थेचे, छाप दिसतात. दोन्ही नळ्यांवर बोअरचा आकडा नुसता १२ असा, इंचात दशांशाने नाही, म्हणजे १९५४ च्या आधीची, कारण त्यानंतर ते इंचाचा आकडा मारायला लागले. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येईल तो, ०.७२९ इंच, आपल्या भाषेत १८.५२ मिमी. छापाचा १२ म्हणजे ही नळी प्रूफ झाली तेव्हा बुडापासून नऊ इंचावर निदान ०.७२९ होती. हा नऊ इंचाचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलं.

आता भांडण काय होतं तर चोकचं. चोक म्हणजे नळी तोंडाशी किती आवळलीय ते. इंग्रज लोक हे थाऊमध्ये मोजतात, इंचाचा हजारावा भाग, आमच्या शॉपमध्येही म्हातारे फिटर अजून थाऊच म्हणतात. ढोबळमानाने दहा थाऊ म्हणजे पाव चोक, वीस म्हणजे हाफ, तीस म्हणजे पाऊण, चाळीस म्हणजे फुल. अमेरिकन नावं वेगळी, त्यांचा मॉडिफाइड म्हणजे आपला हाफ. चाळीस यार्डावर तीस इंची वर्तुळात हाफ चोक साधारण साठ टक्के छर्रे टाकतो, फुल सत्तर. मामाचं आयुष्यभराचं म्हणणं, डावी लांब मारते. माडाच्या शेंड्यावर माकडं बसली की आवाजाला उजवी, पण लांबची झावळी हलवायची असेल तर डावी. (१९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी त्याने त्या डाव्या नळीने आणखी काय काय केलं ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.) पण मधे एकदा एका दुकानदाराला दाखवली होती, त्याने तोंडात पितळी गेज सोडला आणि म्हणाला ही जेमतेम हाफ चोक आहे, फुलबिल काही नाही, आणि भाव पाडला. मामाला भावापेक्षा त्या बोलण्याचा राग जास्त होता.

म्हणून मामेभावाने पहिल्यांदा तोच मागवला, पितळी प्लग. हा निमुळता असतो, वर रेषा कोरलेल्या, नळीच्या तोंडात सोडायचा, जिथे अडकेल ती रेषा वाचायची. स्वस्त, खिशात मावतो, दिसायलाही छान. गणपतीत दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर पडवीत बसलो, मामा समोर, काडतुसं आतल्या खोलीत कपाटात, नळ्या सुट्या करून टॉवेलवर ठेवल्या. हे मुद्दाम लिहितो कारण लायसन मामाचं आहे, बंदूक त्याच्या नजरेसमोरून हलली नाही, जी काही मापं घेतली ती त्याच्या घरीच. प्लग उजव्या नळीत सोडला तर जवळजवळ सिलिंडर, म्हणजे चोक नाहीच म्हणा. डाव्या नळीत मॉडिफाइडच्या रेषेच्या किंचित अलीकडे. हाफ. दुकानदार बरोबर, मामा चूक, असं प्लग म्हणाला.

मामा काही बोलला नाही, सुपारी कातरत राहिला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. चोक ही वजाबाकी आहे, आतल्या नळीचा व्यास वजा आवळलेल्या भागाचा व्यास, आणि पितळी प्लग फक्त एकच आकडा बघतो, तोंडाचा. दुसरा आकडा त्याने स्वतःच गृहीत धरलेला असतो, ०.७२९. नळी खरंच ०.७२९ असेल तर ठीक, नसेल तर तो छाती फुगवून खोटं बोलतो. वर आणखी एक, जुन्या बंदुकांच्या तोंडाची कड झिजून किंचित फाकलेली असते आणि खरा आवळ अर्धा पाऊण इंच आत असतो, प्लग कडेवरच बसतो, आत काय आहे त्याला पत्ताच नाही. लायनरचा टेपर तोंडाला कॅलिपर लावून कोणी पास करेल का, मी तर अशा पोराला दिवसभर उभा करीन. पण घरी आलं की डोकं कंपनीत राहतं.

दुसरा गेज माझा, कंपनीतला, गेट पास करून आणलेला. दोन टोकांचा डायल बोअर गेज, १८ ते ३५ मिमी रेंजचा, एक शतांशाची सुई, रोजच्या हातातला. इथे मजा अशी की शॉपमध्ये मिळणाऱ्या गेजचे सेट साधारण १० ते १८.५ आणि मग १८ ते ३५ असे येतात, आणि बारा बोअर बंदूक नेमकी या सांध्यावर येऊन बसते, आतली नळी साडेअठरा आणि चोक अठरा किंवा त्याखाली. डाव्या नळीच्या तोंडातून माझा गेज जाईचना, जबरदस्ती करायची नव्हती. मग बुडाच्या बाजूने घातला. तिथून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोठं, आत शिरतो, पण दांडा १५० मिमीचा. पासष्ट मिमीचं चेंबर, पुढे उतार, मग नळी सुरू होते न होते तोच दांडा संपला. नऊ इंच म्हणजे २२९ मिमी. तिथे पोचणंच नाही.

तरी जिथवर गेला तिथलं रीडिंग घेतलं. उजवी १८.५४. डावी १८.८५.

मी हसलो आणि म्हणालो झीरो हलला. एकाच बंदुकीच्या, एकाच छापाच्या दोन नळ्यांत तीस शतांशाचा फरक, आमच्याकडे दोन शतांशाला माल परत येतो. झीरो मी बाहेरच्या मायक्रोमीटरवर लावला होता, एसटीत पिशवी आपटली असणार, ठरल्या मापाची मास्टर रिंग सोबत नव्हती की लगेच टाकून तपासावं. म्हणून मी ते रीडिंग फेकून दिलं. ते रीडिंग बरोबर होतं. पण रिंग नसल्यामुळे मला स्वतःच्या हातावर विश्वास ठेवता आला नाही, आणि हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण. गेज विकणारे लीस्ट काउंट, म्हणजे गेज वाचतो ते सगळ्यात लहान माप, मोठ्या अक्षरात लिहितात, रिंग सोबत येते की नाही ते बारीक अक्षरात.

मग तिसरा गेज कसा असावा यावर मी आणि मामेभाऊ महिनाभर फोनवर वाद घालत होतो. त्याला डिजिटल हवा होता, तीन दशांश दाखवणारा. मी त्याला म्हटलं अरे चोकच्या पायऱ्या दहा दहा थाऊच्या आहेत, दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, तुला मायक्रॉन घेऊन काय लोणचं घालायचंय. एक थाऊची सुई भरपूर झाली, अर्ध्या थाऊची मिळाली तर चांगलंच. सकाळची आणि दुपारची उष्णता धरली तरी साडेअठरा मिमीच्या पोलादात दहा डिग्रीला दोनेक मायक्रॉन फरक पडतो, ते विसरायचं. मला हवं होतं ते हे: दांडा एवढा लांब की नळीच्या कुठल्याही टोकाकडून घातला तरी मधल्या भागाच्या पलीकडे पोचेल, आणि त्यावर इंचाच्या खुणा, म्हणजे कुठलं रीडिंग कुठलं ते अंदाजाने लिहावं लागू नये. सोबत ०.७२९ ची सेटिंग रिंग. डोकं असं की फुल चोकमधूनही, म्हणजे ०.६९० पर्यंत, आत जाईल आणि ०.७५० पर्यंत वाचेल. टोकं गोल आणि गुळगुळीत, म्हणजे जुन्या नळीत रेघा ओढणार नाहीत. आणि डायल इंचात, कारण छाप इंचात, चोकचे तक्ते थाऊमध्ये, दरवेळी २५.४ ने भागाकार करत बसलो तर एखादा चुकणारच.

दोन टोकं की तीन यावर मात्र मी स्वतः अडलो होतो. तीन टोकांचा गेज आपोआप मधोमध बसतो, लांब नळीत हात डुलवता येत नाही तिथे ते सोयीचं. पण नळी लंबगोल झाली असेल, पोचा आला असेल, तर तीन टोकांचा सरासरी काढून गप्प बसतो. दोन टोकांचा फिरवला की सुई बोलते. जुन्या बंदुकीला दोन टोकांचाच, मात्र डोक्याला मधोमध धरणारा आधार हवा, असं ठरलं.

असा बंदुकीच्या नळीसाठीच केलेला गेज भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून येताना घेऊन आला. विमानतळावर त्या लांब नळीला आणि डायलला बघून त्याला बाजूला घेतलं होतं म्हणे, हे काय आहे विचारल्यावर हा सरळ म्हणाला बंदुकीचं आहे. अरे गेज म्हण ना आधी. अर्धा तास गेला. आणि आम्ही गेज घेऊन दिवाळीत कुडाळला पोचलो तर बंदूक घरात नाही, विधानसभेची आचारसंहिता लागलेली, परत जमा.

शेवटी डिसेंबरात बसलो. या वेळी शिस्तीत. आधी नळ्या नीट साफ केल्या, ब्रश मारून, कारण आत शिशाचे आणि काडतुसातल्या प्लास्टिकचे पट्टे चिकटलेले असतात आणि ते एकदोन थाऊ खातात. रिंगमध्ये झीरो लावला, उजवी नळी दर इंचाला मोजली, परत रिंगमध्ये घालून झीरो बघितला, तसाच. उजवी नऊ इंचावर ०.७३०, पुढेही तेच, तोंडाशी ०.७२५. पाच थाऊ. प्लगने जे सांगितलं होतं त्याच्या जवळपास.

डावी. नऊ इंचावर ०.७४२. झीरो तपासला, बरोबर. बारा इंचावर ०.७४२. चौदा इंचावर गेज फिरवला तर सुई ०.७४२ वरून ०.७४५ वर गेली आणि परत आली, तीच ती सावलीची कडी, कधीतरी पोचा पडून बाहेर काढलेला असणार. पुढे चोक सुरू व्हायच्या आधी ०.७४१. मग उतार, मग सगळ्यात आवळलेली जागा तोंडापासून अर्धा इंच आत, ०.७०९, आणि अगदी कडेला ०.७११.

मी वहीत वजाबाकी मांडली. ०.७४१ वजा ०.७०९, बत्तीस थाऊ. पाऊण चोकच्या वर. प्लगने ०.७२९ मधून ०.७११ वजा करून अठरा काढले होते.

मामाला सांगितलं, मामा तू बरोबर होतास, डावी घट्ट आहे. तो म्हणाला, "ह्या सांगूक अमेरिकेसून नळो हाडलंस?"

पण आनंद करण्यासारखं काही नव्हतं. छाप ०.७२९ चा आणि नळी ०.७४२, म्हणजे व्यासात तेरा थाऊपर्यंत वाढ, कोणीतरी आतून धातू काढलाय. बहुधा गंजाचे खड्डे घालवायला होनिंग मारलं, म्हणजे आतून दगडाने घासलं, असणार, कधी, कोणी, आजोबांच्या आधी की नंतर, आता कळायचा मार्ग नाही. ब्रिटनमध्ये या जुन्या छापाच्या बंदुकीला नियम असा की नळी छापाच्या पुढच्या आकड्यापर्यंत, १२ च्या छापाला ०.७४० पर्यंत, वाढली तर ती आउट ऑफ प्रूफ, परत प्रूफ केल्याशिवाय विकताच येत नाही. मामेभावाने लगेच मोबाइल काढला आणि म्हणाला दादा, ब्राउनिंगच्या नव्या बॅकबोर, म्हणजे मुद्दाम मोठ्या भोकाच्या, नळ्या मुळातच ०.७४२ च्या असतात, मग आपली काय वाईट. हा प्रश्न चांगला आहे, मीही दोन मिनिटं गप्प बसलो. फरक एवढाच की ब्राउनिंगने ०.७४२ ठरवून बाहेरची जाडी तेवढी ठेवलेली असते. आपल्या नळीची बाहेरची बाजू जन्मापासून तेवढीच आहे आणि आतून खाल्लीय. बोअर गेज आतलं भोक सांगतो, भिंत किती उरली ते सांगत नाही, आणि बाहेरून मायक्रोमीटर लावून भोक वजा करून दोनने भागलं तरी चालत नाही, कारण भोक बरोबर मधोमध असेलच असं नाही, एक बाजू जाड एक बाजू पातळ असते. शिवाय दोन नळ्या एकमेकींना डाग मारून जोडलेल्या, आतल्या अंगाला मायक्रोमीटर जाणार कुठून.

त्यासाठी शिमग्याला वेगळी भानगड केली. एका जाड फळीवर आडवा पोलादी दांडा, एक टोक घट्ट पकडलेलं, मोकळ्या टोकाला वर तोंड करून बसवलेली बॉल बेअरिंगची गोळी, बरोबर तिच्या डोक्यावर वरून डायल इंडिकेटर. गोळी आणि डायल टेकवून झीरो, मग नळी दांड्यावर ओवायची, वजन हाताने तोलून अलगद फिरवायची, डायल दाखवेल ती भिंत. भोसरीतल्या आमच्या टूलरूमच्या फिटरने दोन चहांवर करून दिली. तिकडच्या इंग्लिश धंद्यात पुढच्या भागात वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिमी, ही साधारण शेवटची पायरी मानतात, बुडाकडे अर्थात बरंच जास्त लागतं. आमच्या उजव्या नळीत सगळ्यात पातळ जागा सत्तावीस निघाली. डावी चौदा इंचावर, बाहेरच्या अंगाला, सोळा.

डाव्या हाताने नळी धरतात तिथून हे किती लांब आहे ते मामाने स्वतः हात ठेवून बघितलं. चार बोटं.

कागदावर बार काढून छर्रे मोजायचे, चोकची खरी परीक्षा तीच, हे मला मान्य आहे, आणि मामेभावाचा आग्रहही होता की एकदा तरी बघू. मी नाही म्हटलं. सोळा थाऊच्या नळीतून टक्केवारी काढायची हौस मला नाही. लायसन असलेल्या एका मिस्त्रीने नंतर घरी येऊन बिजागरी आणि लॉक बघितलं, उजवी चालेल म्हणाला, फक्त चेंबर पासष्टचं आहे तेव्हा सत्तर मिमीची काडतुसं घालू नका, शिरतात म्हणून चालतात असं नाही, काडतुसाची लांबी उडाल्यावर उघडलेली मोजतात.

गेज आता भोसरीत माझ्या कपाटात आहे. पितळी प्लग मामेभाऊ अजून वापरतो, कशासाठी ते विचारू नका, बहुतेक पाहुण्यांना दाखवायला.

मे महिन्यात गेलो तेव्हा मामाने बंदूक उघडून दाखवली. डाव्या चेंबरमध्ये फणसाच्या लाकडाचं एक काडतूस बसवलेलं, मागे रिमसकट, म्हणजे चुकूनही त्यात खरं कोणी घालू नये. कोयत्याने आणि काचेच्या तुकड्याने केलं म्हणाला. मी सवयीने कॅलिपर लावला. पुढे २०.२, मागे २०.५. चेंबरला असतो तसा टेपरसुद्धा दिला होता त्याने, नुसत्या डोळ्याने.